क्लिकमागे पाच बिर्र: प्रवासात अनोळखी माणसांचे फोटो काढताना तुम्ही काय करता?

निळी_सायकल:
मंडळी, डिसेंबर २०१८ मध्ये इथिओपियाला गेले होते, ओमो नदीच्या खोऱ्यात. तेव्हापासून एक गोष्ट मनात टोचतेय ती आज लिहूनच टाकते.

जिंका म्हणून गाव आहे, तिथून मागो नॅशनल पार्कातून गाडीने मुर्सी लोकांच्या वस्तीवर जातात, सोबत बंदूकवाला स्काउट घ्यावाच लागतो. मुर्सी म्हणजे तेच, ज्यांच्या बायका खालच्या ओठात मातीची चकती घालतात, मासिकात वगैरे पाहिलं असेल तुम्ही. गाडी थांबली, दार उघडायच्या आत वीस-पंचवीस जण भोवती, "फोतो, फोतो". दर ठरलेला. एका क्लिकला पाच बिर्र (तिथलं चलन), कडेवर मूल असेल तर त्याचे दोन वेगळे. मी एका बाईंसमोर उकिडवी बसले, कॅमेरा चुकून बर्स्टवर राहिला होता, खटखटखटखट असे चार फोटो निघाले आणि त्या बाईंनी माझ्यासमोर चार बोटं धरली. शटरच्या आवाजावरून मोजत होत्या! मग त्यांनी बाळाला पुढे केलं, मला वाटलं आता बाळाचे दोन बिर्र पण हवेत, म्हणून मी मान हलवून नको म्हटलं, वीस बिर्र दिले, त्यांनी नोटा मोजल्या आणि त्या पुढच्या गाडीकडे गेल्या. सगळी भेट दीड-दोन मिनिटांची असेल.

फोटो फार सुंदर आलेत. ओळखीच्या एकांनी कॅलेंडरसाठी मागितला, मी दिला नाही. का ते तेव्हा सांगता आलं नाही. सात वर्षं झाली, फोटो हार्डडिस्कवर आहेत आणि मला त्या बाईंचं नावसुद्धा माहीत नाही.

तर विचारायचंय हे की तुम्ही प्रवासात माणसांचे फोटो काढता तेव्हा विचारून काढता का, पैसे देता का, आणि नंतर त्या फोटोंचं काय करता? खरे अनुभव सांगा, उपदेश नको.

डोंगरमाथा:
मी ७०-३०० लेन्स वापरतो, लांबून काढतो. कोणाला त्रास नाही, कोणी पोझ देत नाही, चेहऱ्यावरचे भाव खरे मिळतात. सोपा उपाय.

मीटरडाऊन:
पहिल्या प्रतिसादात काडी टाकलीत डोंगरमाथा :) थांबा, आता येतील सगळे.

काजूची_बी:
मी आले बघा.

डोंगरमाथा, "कोणाला त्रास नाही" हे तुम्ही लेन्सच्या मागे उभं राहून म्हणताय. मी लेन्सच्या पुढच्या घरातली आहे. आमचं घर मालवणजवळ, किनाऱ्याला लागून. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागते तेव्हा अख्खं गाव दोर ओढायला असतं, माझी आईपण असायची. सीझनला पर्यटक येतात, फोटो काढतात, आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. चार-पाच वर्षांपूर्वी पुण्यात मैत्रिणींबरोबर एका मालवणी हॉटेलात जेवायला गेले (नाव लिहीत नाही), मेनूकार्ड उघडलं तर सुरमई थाळीच्या वर माझी आई. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, केस पिंजारलेले, दोर खेचताना तोंड वेडंवाकडं झालेलं. कोणी काढला, कधी काढला, हॉटेलवाल्याकडे कसा गेला, काही पत्ता नाही. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला डिझाइनरने नेटवरून घेतलाय.

मी रडले तिथे. राग आला म्हणून नाही, आईकडे असं अनोळखी लोक जेवताना बघतात हे सहन झालं नाही. घरी जाऊन आईला दाखवला. ती बराच वेळ बघत बसली आणि एवढंच म्हणाली, "माका सांगल्यान असता तर बरा लुगडा नेसान इलंय असतंय."

तिला फोटो काढल्याचं वाईट वाटलं नव्हतं. विचारलं नाही याचं वाटलं.

निळी_सायकल:
काजूची_बी, काय बोलू. थांबून दोनदा वाचलं.

टिपकागद:
काजूताई, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प झालो होतो, पण धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. पैसे देण्यात मला काही गैर वाटत नाही, उलट तेच जास्त सरळ आहे. ज्याला आपण "अस्सल क्षण" म्हणून घरी आणतो त्यातले निम्मे ठरवून उभे केलेले असतात. चीनमध्ये फुजियान प्रांतात शियापू आहे, तिथला तो प्रसिद्ध फोटो पाहिलाच असेल, वडाची जुनी झाडं, धुकं, उन्हाचे कवडसे आणि त्यातून म्हैस घेऊन चाललेला शेतकरी. मी तिथे गेलोय. तिकीट काढून आत जायचं, दोरीमागे तीस-चाळीस ट्रायपॉड लागलेले, एक माणूस गवत पेटवून धूर करतो (ते आपलं धुकं) आणि शेतकरी म्हशीला घेऊन इकडून तिकडे, तिकडून इकडे. ग्वेलिनजवळ ली नदीवर पाणकावळे घेऊन कंदिलाच्या उजेडात जाळं फेकणारे म्हातारेबुवा, म्यानमारमध्ये इन्ले तलावावर एका पायाने वल्हं मारत टोपली उचलून धरणारे कोळी, श्रीलंकेत कोग्गलाला खांबांवर बसून मासे धरणारे, बहुतेक ठिकाणी हाच प्रकार. मासे धरून जेवढं सुटतं त्याहून जास्त फोटोत सुटतं, मग माणूस काय करणार.

पेरूत कुस्कोला तर अशा बायकांना नावच आहे, साकामेफोतोस, म्हणजे "माझा फोटो काढा". नक्षीदार पोशाख, कडेवर अल्पाकाचं पिल्लू. मी एका बाईंना दोन सोल देऊन फोटो काढला आणि मग शेजारी बसून मोडक्या स्पॅनिशमध्ये गप्पा मारल्या. त्या म्हणाल्या पिल्लू भाड्याचं आहे.

त्यामुळे निळी_सायकल, त्या मुर्सी बाईंनी चार बोटं दाखवली यात तुम्ही स्वतःला का टोचून घेताय? त्या काम करत होत्या. मॉडेलला आपण पैसे देतोच ना?

निळी_सायकल:
टिपकागद, पैशाचं टोचत नाहीये हो. किंवा नुसतं पैशाचं नाही. परत आल्यावर मी थोडं वाचलं. डेव्हिड टर्टन नावाचे मानववंशशास्त्रज्ञ होते, त्यांनी मुर्सींमध्ये कितीतरी वर्षं काम केलं. त्यांच्या लिखाणातून कळलं की ती चकती बायका दिवसभर घालत नाहीत, नवऱ्याला जेवण वाढताना, समारंभात, अशी घालायची तेव्हा घालतात. पण गाड्या आल्या की सगळ्या घालून उभ्या, वर डोक्यावर शिंगं, टोपल्या, जे हाताशी येईल ते, कारण जितकं विचित्र दिसेल तितके फोटो जास्त. म्हणजे मी जे "मुर्सी संस्कृती" म्हणून टिपून आणलं ते त्यांनी आमच्यासारख्यांना काय आवडतं हे बघून तयार केलेलं होतं. मला माझीच आवड पाच बिर्रला परत मिळाली. हे टोचतंय.

डार्करूम:
उशीर झाला यायला. मी आयुष्यभर वर्तमानपत्रासाठी फोटो काढले, आता निवृत्त. दोन गोष्टी सांगतो, एक ऐकलेली आणि एक माझी.

ऐकलेली पुण्यातली आहे. १९४६ साली मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा फोटो काढायला आल्या. अमेरिकेच्या मोठ्या मासिकाच्या नावाजलेल्या फोटोग्राफर, पण गांधीजींच्या माणसांनी त्यांना सांगितलं की चरख्यावर सूत कातणाऱ्या माणसाचा फोटो काढायचा तर आधी कातायला शिका. बाई बसल्या शिकायला. धागा तुटतोय, परत जोडतायत. मग परवानगी मिळाली ती तीन फ्लॅशबल्बची. पहिले दोन वाया गेले, तिसऱ्याला जो फोटो निघाला तो आज सगळं जग ओळखतं, पुढे चरखा, मागे खिडकीचा उजेड, गांधीजी वाचतायत. मी तरुणपणी हे वाचलं तेव्हा मला वाटलं होतं की काय हट्टी माणसं. आता वाटतं त्याहून चांगली अट असूच शकत नाही. आधी त्याचं काम हातात घेऊन बघ, मग कॅमेरा उचल.

माझी गोष्ट वारीची. सन १९९१ की ९२, माउलींची पालखी लोणंदहून तरडगावला निघालेली, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण व्हायचं होतं. एक आजी डोक्यावर तुळस घेऊन झाडाखाली टेकल्या होत्या. ऐंशीच्या पुढे असतील, चेहऱ्यावर अशा सुरकुत्या की नांगरलेलं शेत. मी हात जोडले, "माउली, फोटो काढू?" म्हणाल्या काढ की. काढला. रथामागची दिंडी होती, दिंडीचा नंबर आणि गावाचं नाव डायरीत लिहून घेतलं, ती सवय मला आमच्या वरिष्ठांनी लावलेली. घरी येऊन डार्करूममध्ये एन्लार्जरखाली त्या चेहऱ्याचा क्रॉप घेतला, नुसता चेहरा, कपाळावरचा बुक्का ते हनुवटी, आठ बाय दहाचा प्रिंट केला. बक्षीस मिळालं त्याला.

पुढच्या वारीला त्या दिंडीत आजींना शोधून काढलं आणि प्रिंट हातात दिला. त्यांनी डोळ्याजवळ धरला, लांब धरला, उलटा करून मागे बघितलं. म्हणाल्या, "लेकरा, माझी तुळस कुठंय?"

मी काय सांगणार. म्हटलं आजी, चेहरा नीट दिसावा म्हणून तुळस काढली. त्या म्हणाल्या, "अरे मग घरी काय दाखवू? नुसती म्हातारी तर घरी पण आहे की आरशात. तुळस घेऊन पंढरीला गेले होते ते दिसलं पाहिजे."

पूर्ण निगेटिव्हचा प्रिंट करून पोस्टाने पाठवला. पोचल्याचं पत्र आलं, नातवाच्या अक्षरात.

मीटरडाऊन:
डार्करूमकाका _/\_

रानवारा:
काका, हे वाचून सकाळची चहाची कपबशी तशीच राहिली हातात.

साखरझोप:
सगळे भावुक झालेत म्हणून विरोधी मत मांडतो, रागावू नका. विचारून काढायचं ठरवलं तर अर्धी फोटोग्राफी बंद पडेल. माणसाला विचारलं की तो पदर सारखा करतो, केसावरून हात फिरवतो, सावधान उभा राहतो. कार्तिए-ब्रेसाँ, आपले रघु राय, रस्त्यावरची जी चित्रं आपण डोक्यावर घेतो ती विचारून काढली असती तर झाली असती का? मुंबईत भायखळ्याच्या पुलावर संध्याकाळी साडेसहाला उभं राहून कोणाकोणाला विचारू? आणि शंभर वर्षांनी लोक कसे जगत होते हे बघायचं तर हेच फोटो उरणार आहेत, बरं लुगडं नेसून काढलेले नाही.

काजूताई, तुमच्या आईंच्या बाबतीत झालं ते चूकच, पण ती चूक मेनूकार्डावर छापण्यात आहे, फोटो काढण्यात नाही.

काजूची_बी:
साखरझोप, रागावले नाही. पण एक सांगा, शंभर वर्षांनी लोक कसे जगत होते हे बघायला माझ्या आईचं बरं लुगडं का चालणार नाही? तेपण ती जगतच होती ना, सणावाराला?

राईनकाठ:
साखरझोप जो फरक करतायत (काढणं वेगळं, छापणं वेगळं) तो जर्मनीत कायद्यातच आहे. मी कोलोनला राहते, इथल्या फोटोक्लबात पहिल्याच दिवशी हे शिकवलं. १९०७ चा कायदा आहे, त्याच्या २२ व्या कलमानुसार माणसाचा फोटो त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. २३ व्या कलमात सवलती आहेत, मिरवणूक, सभा, किंवा निसर्गदृश्यात माणूस जाता जाता आला असेल तर चालतं. म्हणजे आपली वारी असती तर रिंगणाचा फोटो चालला असता, पण काकांच्या आजींचा नुसता चेहरा विचारल्याशिवाय छापता आला नसता.

हा कायदा का आला ते मला फार लागलं. १८९८ मध्ये बिस्मार्क वारला, त्या रात्री हॅम्बुर्गचे दोन फोटोग्राफर आतल्या माणसाला पैसे चारून खोलीत शिरले आणि मॅग्नेशियमच्या उजेडात प्रेताचा फोटो काढून विकायला निघाले. घरच्यांनी कोर्टात नेलं, फोटो जप्त झाले. पण कोर्टाला अडचण अशी आली की माणसाचा स्वतःच्या चेहऱ्यावर हक्क आहे असं कुठे लिहिलेलंच नव्हतं, घरात बेकायदा घुसले म्हणून त्यांना पकडावं लागलं. त्यानंतर नऊ वर्षांनी हे कलम आलं. एवढ्या मोठ्या माणसाला मेल्यावर जे मिळालं नाही ते आज इथे बसस्टॉपवरच्या कुठल्याही आजीला मिळतं.

पायवाट:
कायदा नसेल तिथे लोकच नियम करतात. ओसाकाला आठ वर्षं आहे, क्योटो जवळच. तिथे गिओन भागात माइको (शिकाऊ गेइशा) संध्याकाळी कामावर जायला निघतात, केस, किमोनो, उंच खडावा, वेळ गाठायची घाई. आणि गल्लीच्या तोंडाशी वीसेक मोबाईल. मी डोळ्यांनी पाहिलंय, एक जण वाट अडवून उभा, दुसरी मागून बाही धरतेय. ती मुलगी सतरा-अठराची असेल, मान खाली घालून भिंतीच्या कडेने जवळजवळ पळत गेली. २०१९ मध्ये तिथल्या रहिवाशांनी खासगी गल्ल्यांमध्ये फोटोबंदीच्या पाट्या लावल्या, दहा हजार येन दंड. तरी थांबेना म्हणून २०२४ मध्ये त्यातल्या काही गल्ल्या पर्यटकांना बंदच केल्या.

गिओनमधल्या दुकानदारीणबाई एकदा म्हणाल्या की पूर्वी एखाददुसरा म्हातारा फोटोग्राफर यायचा, वर्षानुवर्षं तोच, माइकोंना नावाने ओळखायचा, त्याला कोणी अडवत नसे. डार्करूमकाकांचा प्रतिसाद वाचताना तेच आठवलं.

डोंगरमाथा:
मी वाचतोय सगळं. काजूताई, माफ करा, तुमच्या बाजूने कधी विचार केला नव्हता.

सह्यभटक:
अंदमानचं कोणी काढलं नाही म्हणून. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा बघायला जाताना जिरकाटांगच्या चेकपोस्टवरून गाड्यांचा ताफा निघतो, रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. गाडी थांबवायची नाही, खायला द्यायचं नाही, फोटो तर अजिबात नाही, १९५६ च्या नियमावलीखाली गुन्हा आहे. २०१२ मध्ये तिथे जारवा बायकांना खाण्याच्या मोबदल्यात नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला आणि देशभर गदारोळ झाला होता. मी त्यानंतर दोन वर्षांनी गेलो. आमच्या गाडीत एक काका खिडकीच्या पडद्याआडून मोबाईल धरून बसले होते, ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि गाडी न थांबवता म्हणाला, "साहेब, तुमच्या घरासमोरून रोज अडीचशे गाड्या गेल्या आणि प्रत्येक खिडकीतून असा हात आला तर?" काकांनी मोबाईल खिशात टाकला.

काही माणसांचे फोटो काढूच नयेत, विचारूनसुद्धा. कारण ते हो म्हणाले तरी कशाला हो म्हणतायत हे त्यांना माहीत नसतं. त्यांनी इंटरनेट बघितलेलं नाही.

टिपकागद:
सह्यभटक, +१. हा मुद्दा माझ्या प्रतिसादात नव्हता. मॉडेलला फोटो कुठे लागणार ते माहीत असतं, मुर्सी बाईंना नसतं. माझा "मॉडेल"वाला युक्तिवाद तिथे लंगडा पडतो, मान्य.

रानवारा:
त्या हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचं काय झालं पुढे? माझ्या मामाकडे ते मासिक होतं, आम्ही भावंडं त्या डोळ्यांना घाबरायचो.

डार्करूम:
तिचं नाव शरबत गुला. १९८४ च्या शेवटी पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत, तंबूतल्या शाळेत स्टीव्ह मॅक्करीने तो काढला. कोडाक्रोम फिल्म, १०५ ची लेन्स. जून १९८५ ला नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला आणि जगातला सगळ्यात ओळखीचा चेहरा झाला. पण सतरा वर्षं जगाला तिचं नाव माहीत नव्हतं आणि तिने स्वतः तो फोटो पाहिलेला नव्हता. २००२ मध्ये शोधून काढली तेव्हा ती म्हणाली की तेव्हा राग आला होता, समोरचा माणूस परका होता. म्हणजे आपण ज्या नजरेला भीती, युद्ध, निर्वासितांचं दुःख काय काय नावं दिली, त्यात एका मुलीचा साधा राग होता, हा कोण बाप्या माझ्याकडे असा बघतोय म्हणून. पुढे २०१६ मध्ये पाकिस्तानात ओळखपत्राच्या प्रकरणात अटक झाली, चेहरा प्रसिद्ध असल्यामुळे ती बातमी जगभर गेली. २०२१ मध्ये तालिबान आल्यावर इटलीने आसरा दिला.

अमेरिकेतल्या मंदीतली ती स्थलांतरित आई, १९३६ चा डोरोथिया लँगचा फोटो, तिचंही तसंच. फ्लोरेन्स थॉम्पसन हे नाव १९७८ मध्ये कळलं, बेचाळीस वर्षांनी. तिने पत्रकाराला सांगितलं की फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, मला त्यातून एक पैसा मिळाला नाही. मी नव्या पोरांना दोन्ही फोटो दाखवायचो आणि सांगायचो की डायरीत नाव लिहायला अर्धं मिनिट लागतं.

साखरझोप:
काका, तुमच्यापुढे वाद घालत नाही, पण दोन्ही फोटो नसते तर जगाचं नुकसान झालं असतं असं मला अजूनही वाटतं. लँगच्या फोटोची बातमी छापून आली तेव्हा त्या छावणीत सरकारने अन्न पाठवलं होतं.

डार्करूम:
झालं असतं नुकसान, तुमचं खरं आहे. आणि अन्न पोचलं तोवर थॉम्पसनबाई मुलं घेऊन पुढे निघून गेल्या होत्या, हेही खरं आहे. मी फोटो काढू नका म्हणत नाही हो. तसं म्हटलं तर माझं आयुष्य पुसावं लागेल. परत जा म्हणतोय.

मीटरडाऊन:
अवांतर, पण वारीचा विषय निघालाय तर नव्या मंडळींसाठी: पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि मध्ये उन्हाने रापलेला चेहरा, असं असलं की कॅमेरा पांढरं बघून फसतो आणि सगळं काळवंडतं, चेहरा कोळसा होतो. एक्सपोजर पाऊण ते एक स्टॉप वाढवा किंवा स्पॉट मीटरिंग गालावर घ्या. टोपी जराशी जळली तर जळू दे, माणूस दिसला पाहिजे. पूर्वी फिल्मच्या काळात कोडॅकची रंग जुळवायची जी कार्डं असायची त्यावर बहुतेक गोऱ्या बायकाच असायच्या, त्यामुळे आपल्या रंगाचा चेहरा नीट छापून यायला लॅबवाल्याच्या मागे लागावं लागायचं. आता मोबाईल उलटं करतात, सगळ्यांना गोरं करून टाकतात. ते ब्युटी मोड बंद करून ठेवा, ज्याचा रंग त्याला राहू दे.

राईनकाठ:
मीटरडाऊन, ब्युटी मोडबद्दल शंभर वेळा अनुमोदन. माझ्या सासूबाई स्वतःच्याच फोटोत स्वतःला ओळखेनात.

रानवारा:
मी छोटा इन्स्टॅक्स (लगेच छापील फोटो देणारा कॅमेरा) ठेवते बॅगेत. लडाखला, मेघालयात, व्हिएतनामला सा पा गावाजवळच्या डोंगराळ भागात, सगळीकडे आधी एक इन्स्टॅक्स काढून हातात द्यायचा, मग ते म्हणाले तरच माझ्या कॅमेऱ्याने. फिल्म महाग पडते, एका ट्रिपला तीन पाकिटं म्हणजे तीसच फोटो, पण त्यामुळे मी तीसच माणसांना भेटते आणि ती तीस लक्षात राहतात. मजा म्हणजे फोटो उमटायला जी दोन मिनिटं लागतात त्यात सगळं घर गोळा होतं, म्हातारे, पोरं, कोंबड्या. पांढऱ्या कागदावर हळूहळू नाक दिसायला लागलं की एकच गलका. लडाखात एका आमांनी तो काखेत धरून ठेवला, थंडीत रंग फिके येतात म्हणून, त्यांना आधीच माहीत होतं, कोणीतरी आधी येऊन गेलं असणार!

पायवाट:
"मी तीसच माणसांना भेटते", हे फार आवडलं.

निळी_सायकल:
दोन दिवस धाग्यावर नव्हते कारण मी ती हार्डडिस्क काढून बसले होते. सगळ्यांचे आभार मानायचेत पण आधी हे सांगते.

डार्करूमकाकांचं "माझी तुळस कुठंय" वाचून झोप लागली नाही, म्हणून मी त्या चार फोटोंच्या मूळ फाइल उघडल्या. माझ्या फोल्डरमध्ये क्रॉप केलेलेच ठेवले होते, चेहरा आणि चकती. मूळ फ्रेममध्ये खाली उजव्या कोपऱ्यात बाळ आहे. चारही फोटोंत. पहिल्यात झोपलंय, दुसऱ्यात आईने त्याच्या डोक्यावरचं कातडं बाजूला केलंय, तिसऱ्यात त्याचं तोंड माझ्याकडे वळवलंय, चौथ्यात तिने त्याची हनुवटी दोन बोटांनी वर उचलून धरलीये. म्हणजे खटखटखटखट होत असताना ती बाई स्वतःसाठी पोझ देतच नव्हती. बाळ नीट यावं म्हणून धडपडत होती. आणि मी ते कापून टाकलं, वर शेवटी तिने बाळ पुढे केलं तेव्हा दोन बिर्र वाचवले.

ते बाळ आता सात-आठ वर्षांचं असेल.

आमचा तिथला गाइड अजून व्हॉट्सॲपवर आहे, कधीमधी सणाला शुभेच्छा पाठवतो. त्याला रात्री चौथा फोटो पाठवला, विचारलं की या कोण ओळखू येतात का. आज सकाळी उत्तर आलं. बाईंचं नाव त्याला लगेच नाही आठवलं, पण वस्ती कोणती ते फोटोच्या मागच्या झोपडीवरून आणि तिच्या भावावरून सांगितलं (भाऊ दुसऱ्या फोटोत कडेला अर्धा आलाय), जिंकाच्या शनिवारच्या बाजारात तो येतो म्हणे. प्रिंट पाठव, मी पोचवतो असं म्हणालाय.

काजूची_बी:
निळी, आताच्या आता प्रिंट कर. आणि बाळाच्या हनुवटीला हात लावलेलाच पाठव.

डार्करूम:
शाब्बास पोरी. पूर्ण फ्रेम ठेव, काही कापू नकोस. भाऊ अर्धा आलाय तोपण राहू दे, घरात त्यावरून हसतील.

निळी_सायकल:
काका, कागद कोणता घेऊ? तिथे उन्हाळा कडक, झोपडीत चूल, धूर. आणि किती प्रती?

डार्करूम:
लस्टर कागद घे, ग्लॉसीवर बोटांचे ठसे बसतात आणि एकाला एक चिकटतात. पाच बाय सात पुरे, त्याहून मोठा ठेवायला जागा नसते, दुमडतात मग. तीन प्रती कर, एक तिची, एक भावाची आणि एक हरवायची. लॅमिनेशन करून घे, कडा अर्धा सेंटीमीटर बाहेर ठेवायला सांग म्हणजे धूर-पाणी आत जात नाही. मागे तारीख, वस्तीचं नाव आणि तुझं नाव त्यांच्या लिपीत त्या गाइडकडून लिहून घे. आणि त्याला सांग तिचं नाव विचारून तुला कळव.

मीटरडाऊन:
दोन कार्डबोर्डच्या मध्ये घालून पाठवा, नुसत्या पाकिटात वाकतात.

डोंगरमाथा:
पोस्टाचा खर्च मी देऊ का अर्धा? मनापासून विचारतोय.

निळी_सायकल:
डोंगरमाथा, खर्च नको, पण तुमच्या ७०-३०० मधल्या एखाद्याला शोधून प्रिंट द्या, मग इथे येऊन सांगा. उद्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या लॅबमध्ये जातेय. बाळासकट.